सैन्यात का जावे? : वडीलधाऱ्यांचा अनुभव आणि आजचा विद्यार्थी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास निघतो. "सर, भरतीला उतरू का?" विचारणारा मुलगा बहुधा पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटर धावून आलेला असतो. त्याच्या पाठीमागे वडिलांचे काम सुटलेले असते, बहिणीचे शिक्षण अडलेले असते. आईला मुलगा दूर जाऊ नये असे वाटते, आणि पगार घरात यावा असेही वाटते. अशा वेळी "देशसेवा कर" एवढेच सांगून भागत नाही आणि "नको रे बाबा" असे म्हणूनही भागत नाही.

माणसे सैन्य हा पेशा का निवडतात, या प्रश्नाचा अभ्यास म्हणूनच आम्हांस आवश्यक वाटतो. सुदैवाने त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या समाजाच्या कित्येक घरांत आजा-पणजा पलटणीत होता. तो का गेला, त्याला तेथे काय मिळाले, काय मिळाले नाही आणि परत येताना त्याने काय आणले, हे नीट पाहिले तर आजच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते.

१. आपले लोक पलटणीत का गेले?

पहिले कारण भाकरीचे. गावकीत आपल्या वाट्याला आलेली कामे सर्वांना ठाऊक आहेत. वेशीची राखण, सरकारी सांगावा पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि त्या बदल्यात बलुते नाहीतर शिळे तुकडे. दुष्काळ पडला की तेही बंद. पलटणीत दरमहा ठरलेला रोख पगार होता. तो मागावा लागत नसे आणि कोणी वरून टाकीतही नसे. हातावर मोजून दिलेला पैसा ही गोष्ट वतनाच्या जगात राहणाऱ्या माणसाला केवढी मोठी वाटली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

दुसरे कारण मानाचे. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या अंगावर सरकारी गणवेश चढला. तो नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार होऊ लागला. कोरेगाव भीमा येथील स्तंभ आपण दर 1 जानेवारीला पाहतो. 1 जानेवारी 1818 रोजी तेथे मुंबई सैन्याच्या एका लहान तुकडीने पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर झुंज दिली. स्तंभावर पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली आहेत त्यांतील 22 नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. गावच्या कोणत्याही दप्तरात ज्यांच्या नावाला मान नव्हता त्यांची नावे दगडावर कोरली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तेथे गेले ते याच जाणिवेने. ज्यांचे वाडवडील असे लढले ते जन्मतः हीन कसे, हा प्रश्न त्यांना समाजापुढे ठेवावयाचा होता.

तिसरे कारण गावाबाहेर पडण्याचे. पुणे, दापोली, महू, कामठी अशा छावण्यांच्या गावी वेगळे जग होते. तेथे जात संपली होती असे नव्हे, पण जातीखेरीज दुसरी एक उतरंड होती. ती हुद्द्याची, आणि हुद्दा कामाने मिळत असे.

चौथे कारण शिक्षणाचे. ते सुरुवातीला कोणाच्या मनात नसेलही, पण परिणामाने तेच सर्वांत मोठे ठरले. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. ज्या काळी गावच्या शाळेची पायरी आपल्याला बंद होती त्या काळी छावणीत मुलाच्या हाती पाटी आली.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. इंग्रजांनी आपल्या लोकांना सैन्यात घेतले ते आपला उद्धार करावा म्हणून नव्हे. त्यांना काटक, विश्वासू शिपाई हवे होते. देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची गरज जुळली, एवढाच त्याचा अर्थ. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात आहे.

२. उघडणारे आणि मिटणारे दार

गरज संपली तसे दार मिटले. 1885 ते 1893 या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मानेच लढवय्या व बाकीच्या नव्हेत, हे मत त्यांच्या काळात सैन्यात पक्के झाले. 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे होती त्यांच्याच नातवंडांना 'तुम्ही लढवय्ये नाही' असे सांगण्यात आले.

या अन्यायाविरुद्ध प्रथम उभे राहिले तेही सैनिकच. गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. त्यांच्यामागून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे आले. त्यांनी सभा भरविल्या, 'सोमवंशीय मित्र' हे पत्र चालविले आणि 1910 मध्ये थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. लष्करात आणि पोलिसांत घ्या, ही त्यांची मागणी होती. या मागणीत पोटाचा प्रश्न होता तसा नागरिकत्वाचाही होता. देशाचे रक्षण करण्याचा हक्क ज्याला नाही, तो त्या देशाचा पुरा नागरिक कसा?

सरकारने अर्जांना दाद दिली नाही. पण पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये '111 वी महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडण्यात आली. जे शिपाई कालपर्यंत कामाचे होते ते पुन्हा निरुपयोगी ठरले.

दुसरे महायुद्ध आले. जुलै 1941 मध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. तेथे त्यांनी हा प्रश्न जोराने मांडला आणि तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

या वेळी मात्र दार मिटले नाही. 1946 मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतर तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे गेले. 'यश सिद्धी' हे तिचे बोधवाक्य. आज या रेजिमेंटमध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील आणि समाजांतील जवान आहेत. तिच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले तमिळभाषक अधिकारी. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत शांतिसेनेच्या कामगिरीवर असताना त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे याच रेजिमेंटचे दोन अधिकारी पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. जिला एकेकाळी 'लढवय्या नाही' म्हणून नाकारले त्या जातीचे नाव धारण करणाऱ्या रेजिमेंटचा हा लौकिक आहे.

३. सुभेदारांनी घरी काय आणले?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सैन्यातील नोकरी संपल्यावर माणूस घरी काय घेऊन येतो?

बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत 14 वर्षे मुख्याध्यापक होते. आईकडचे मुरबाडकर घराणेही सैनिकांचे. बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू छावणीतला. त्यानंतर थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि भरतीही त्याच सुमारास बंद झाली. म्हणजे मुलांना बापाच्या वाटेने जाण्याची सोय उरली नाही.

दुसरा एखादा माणूस खचला असता. रामजी सुभेदारांनी काय केले? पलटणीत जे कमावले होते ते सारे त्यांनी मुलांच्या शिक्षणात ओतले. बंदूक आणि गणवेश सरकारजमा झाले होते. उरली होती ती पेन्शन, शिस्त, वाचनाची गोडी आणि इंग्रजीचे मोल. पहाटे उठवून ते मुलाचा अभ्यास घेत. पुस्तकासाठी लेकीकडून दागिना उसना आणून तो गहाण ठेवीत. मुंबईत एका खोलीत राहून त्यांनी मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

सैनिकाचा मान गावापर्यंत पोचला नव्हता, हेही विसरू नये. 1901 सालची हकीगत स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. सुभेदारांची मुले स्वच्छ, नवे कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली ती मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. बाप सुभेदार होता, पण पाणवठ्यावर त्याचा हुद्दा चालला नाही. दापोलीस राहणाऱ्या पेन्शनर लोकांनाही आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून अर्ज करावे लागले होते.

यावरून आम्ही एक निष्कर्ष काढतो. सैन्याने आपल्या वाडवडिलांना पगार दिला, पण तो नोकरीपुरता. मान दिला, पण तो छावणीपुरता. शिक्षणाची वाट मात्र अशी दिली की ती नोकरी संपल्यावरही राहिली आणि छावणीबाहेरही चालली. दार मिटले तरी जे आत शिकले होते ते हिरावून घेता आले नाही. वलंगकरांची लेखणी आणि रामजींची शिकवणी ही दोन्ही पलटणीतून बाहेर पडलेल्या हातांची कामे आहेत.

४. पहिले शील आणि शस्त्र

अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, "आपण पाणातिपाता वेरमणी म्हणतो, मग सैन्यात कसे जायचे?" प्रश्न टाळण्यासारखा नाही.

संयुक्त निकायात योधाजीव सुत्त आहे. युद्धात उत्साहाने लढून मरणारा स्वर्गात जातो असे आमचे गुरू सांगतात, ते खरे काय, असे एका योद्ध्यांच्या प्रमुखाने तथागतांना विचारले. तथागतांनी 'हे विचारू नकोस' म्हणून पुन्हा पुन्हा टाळले आणि अखेर सांगितले की ते खरे नाही. 'समोरचे मरोत' अशा भावनेने भरलेले मन आधीच खाली गेलेले असते. म्हणजे बुद्धांनी शिपायाला खोटी लालूच दाखविली नाही.

दुसरीकडे वैशालीचा सेनापती सिंह तथागतांचा उपासक झाला. त्याने सेनापतिपद सोडावे अशी अट घातल्याचे दिसत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे. त्याला आंधळ्या नियमाचे रूप त्यांनी दिले नाही. दुर्बळाचे रक्षण करण्यासाठी उभे राहणे आणि द्वेषाने वा लोभाने मारणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आमचे मत असे की ज्याला सैन्यात जावयाचे आहे त्याने हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा. शत्रूविषयी द्वेष बाळगण्यासाठी जाऊ नये, आणि सिनेमा पाहून तर नाहीच. ज्याचे मन हे काम करण्यास तयार नाही त्याला कोणी भित्रा म्हणू नये. तोही विचार करूनच थांबलेला असतो.

५. आजचा मुलगा, आजचे दार

आजही कारणे तीच आहेत. ठरलेला पगार, गणवेशाचा मान, घरची परंपरा, गावाबाहेरचे जग, साहसाची आवड आणि देशावरील प्रेम. यांतील एकच कारण खरे व बाकीची हलकी, असे आम्ही मानत नाही. पोटासाठी गेलेला शिपाईही सीमेवर तितक्याच निष्ठेने उभा राहतो. भाकरीचे कारण सांगताना आमच्या मुलांनी लाजू नये.

बदलले आहे ते दार. जून 2022 मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्यानुसार शिपाई म्हणून भरती होणारा तरुण अग्निवीर होतो आणि त्याची सेवा चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा 30 हजार रुपये, चौथ्या वर्षी 40 हजार, आणि त्यांतील 30 टक्के रक्कम सेवा निधीत जमा होते. सरकारही तेवढीच भर घालते. चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये मिळावेत अशी ती योजना आहे. तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के तरुणांना पुढे कायम सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना पेन्शन नाही.

ही योजना चांगली की वाईट, हा वाद येथे घालावयाचा नाही. पण हिशेब प्रत्येक घराने करावा. चौघांपैकी तीन मुले बावीस-पंचविसाव्या वर्षी परत येणार आहेत. रामजी सुभेदारांपाशी निदान पेन्शन होती. या मुलांपाशी काय असेल? ठरावीक रक्कम आणि चार वर्षांत जे शिकले ते. म्हणूनच आत जाण्याआधीच बाहेर येण्याचा विचार केला पाहिजे.

येथे आमची एक चूक कबूल करतो. अभ्यासिकेतला एक गुणी मुलगा बी. ए.चे दुसरे वर्ष सोडून भरतीच्या मागे लागला. दोन वर्षे पळाला, मैदानात पासही झाला, आणि वैद्यकीय तपासणीत कानाच्या पडद्यामुळे बाद झाला. तोवर वय गेले होते. कॉलेजही सुटले होते. तो आम्हांस विचारूनच गेला होता. "नाव कॉलेजात राहू दे, परीक्षा दे, आणि कान-डोळे-दात आधी दवाखान्यात दाखवून घे," एवढी तीन वाक्ये आम्ही त्याला सांगितली नाहीत. शाबासकी तेवढी दिली. त्याने आता पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला आहे, पण गेलेली दोन वर्षे आमच्या खात्यावर आहेत.

६. विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, शिक्षण सोडू नये. शिपाई भरतीखेरीज अधिकाऱ्याचीही वाट आहे, आणि आपल्या मुलांना तिची माहितीच नसते. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, एन.सी.सी.च्या 'सी' प्रमाणपत्रावर मिळणारी संधी, असे कितीतरी मार्ग आहेत. या परीक्षांच्या तयारीसाठी राज्य शासनाने 1977 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. दहावीच्या वर्गातच तिची चौकशी करावी. साताऱ्याची सैनिक शाळा तर 1961 पासून आहे.

दुसरी गोष्ट, मुलींनी मागे राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले, 2022 मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे 2025 मध्ये ती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. छावणीच्या शाळेत मुलीही शिकत होत्या, ही आपल्या घरांची जुनी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट, 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या दलालास एक पैसाही देऊ नये. भरतीला फी लागते ती फॉर्ममध्ये लिहिलेली असते. त्यापलीकडे मागणारा लुबाडणारा समजावा.

चौथी गोष्ट, पालकांसाठी. मुलगा परत आला की त्याच्या पैशावर लग्नाचा मांडव घालण्याआधी त्याच्या पुढील शिक्षणाचा किंवा धंद्याचा विचार करावा. सेवेत असतानाही मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते का, हे पाहावे.

समारोप

सैन्यात का जावे, याला एकच उत्तर नाही. पण कसे जावे, याला आहे. डोळे उघडे ठेवून जावे, मनाशी विचार करून जावे, आणि बाहेर येताना आपण काय घेऊन येणार हे ठरवून जावे. देणाऱ्याच्या गरजेने दार उघडते व मिटते, हे आपण 1890 नंतर पाहिले, 1921 मध्ये पाहिले. शिकलेले मात्र मागे घेता येत नाही. सुभेदार रामजींच्या घरी गणवेश खुंटीवर गेला आणि पुस्तक खाली आले. आपल्या प्रत्येक जवानाच्या घरी तेच घडो, ही मंगल कामना.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

1. आपल्या घरातील वा वस्तीतील सैन्यात गेलेल्या व्यक्तीची माहिती मिळवा. ती का गेली आणि परत येताना तिने काय आणले?
2. भरती बंद होण्याची कारणे आणि ती पुन्हा सुरू होण्याची कारणे यांची तुलना करा.
3. योधाजीव सुत्त आणि सिंह सेनापतीची कथा एकत्र वाचून आपले मत दहा ओळींत लिहा.